गोथेनबर्गचे २३ गुडघे आणि त्यातल्या ७ वाट्या

१९९४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून एक पेपर आला. मॅट्स ब्रिटबर्ग, अँडर्स लिंडाल, लार्स पीटरसन आणि त्यांचे सहकारी. पेशंट फक्त २३, तुलनेला दुसरा गट नाही, पण माणसाच्या स्वतःच्या कूर्चेच्या पेशी काढून, लॅबमध्ये वाढवून, परत त्याच्याच गुडघ्यात भरायच्या ही गोष्ट त्यांनी खरोखर करून दाखवली होती. आज आपल्याकडे "झिजलेली गादी परत तयार होते" असं होर्डिंगवर, रीलमध्ये, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे फिरत असतं त्यातल्या पेशी वाढवायच्या भागाचं मूळ शोधत गेलं की बहुतेक वेळा आपण या २३ गुडघ्यांपाशी पोचतो. मी फिजिओ आहे, सर्जन नाही, पण पेशंट ऑपरेशननंतर माझ्यासारख्यांकडेच महिनोन्‌महिने असतो, म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर लिहितेय. २३ पैकी १६ जणांची जखम मांडीच्या हाडाच्या टोकावर होती आणि ७ जणांची गुडघ्याच्या वाटीवर. गाजले ते १६. मला वाटतं, शिकण्यासारखं जास्त त्या ७ मध्ये आहे.

आधी कूर्चा म्हणजे काय ते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सांध्यात हाडांच्या टोकांवर जो पांढरा गुळगुळीत थर असतो ती कूर्चा. गुडघ्यात तिची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर, आणि वाटीच्या मागच्या बाजूला त्याहून जास्त, शरीरातली सगळ्यात जाड कूर्चा तिथेच असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, लसिकावाहिन्या नाहीत. पेशी आहेत, पण अगदी विरळ, एकूण आकारमानाच्या जेमतेम १ ते ५ टक्के, आणि त्यासुद्धा आपापल्या खोलीत कोंडल्यासारख्या एकट्या एकट्या बसलेल्या, इकडून तिकडे फिरू न शकणाऱ्या. बाकी सगळं पाणी, टाइप २ कोलॅजेनचं (तंतू बनवणाऱ्या प्रथिनाचं) जाळं आणि त्या जाळ्यात अडकवून ठेवलेले अ‍ॅग्रिकॅनचे मोठमोठे रेणू. हे अ‍ॅग्रिकॅन पाणी खेचतं, फुगायला बघतं आणि कोलॅजेनचं जाळं त्याला फुगू देत नाही. पावसाळ्यात लाकडी दार पाणी पिऊन फुगतं आणि चौकटीत असं गच्च बसतं की खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, तसाच हा ताण असतो, आणि याच ताणावर आपण जिने चढतो, उतरतो, उड्या मारतो. म्हणजे ताकद नुसत्या अ‍ॅग्रिकॅनमध्ये नाही आणि नुसत्या कोलॅजेनमध्येही नाही, दोघांनी एकमेकांना धरून ठेवण्यात आहे.

आणि ते जाळं पण कसंही विणलेलं नसतं. वरच्या थरात तंतू पृष्ठभागाला समांतर आडवे, मधे तिरके, खाली उभे आणि थेट हाडाजवळच्या कॅल्शियमवाल्या थरात रुतलेले. जर्मन शरीररचनातज्ज्ञ बेनिंगहॉफने १९२५ मध्ये हे कमानीसारखं चित्र मांडलं. वरच्या आडव्या तंतूंमुळे घासणं सोसतं, खालच्या उभ्यांमुळे थर हाडापासून सुटून येत नाही.

आता जखम झाली तर काय होतं? कातडी कापली की रक्त येतं, गुठळी होते, पेशी धावून येतात, काम सुरू होतं. कूर्चेत रक्तच नाही त्यामुळे यातलं काहीच सुरू होत नाही, आणि शेजारच्या पेशी जागा सोडून येऊ शकत नाहीत. विल्यम हंटरने १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीत लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती भरून येत नाही. जखम हाडापर्यंत खोल गेली किंवा सर्जनने मुद्दाम हाडाला बारीक भोकं पाडली (मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात ते, अमेरिकेत स्टेडमन यांनी रूढ केलेलं) तर हाडातला मगज वर येतो, गुठळी होते आणि काहीतरी भरतं, पण जे भरतं ते बहुतेक तंतुमय, टाइप १ कोलॅजेनवालं, व्रणासारखं. काही वर्षं काम देतं. मूळ कूर्चेइतकं दाबाला टिकत नाही.

गोथेनबर्गच्या टीमचा विचार सरळ होता. पेशी जागेवर येत नाहीत ना, तर आपण नेऊन ठेवू. सशांवर हे आधी करून झालं होतं, पीटरसनच्या सहभागाने न्यूयॉर्कमध्ये झालेलं काम १९८९ मध्ये छापून आलं, त्यात पेशी भरलेल्या जखमा ८२ टक्क्यांपर्यंत भरल्या होत्या आणि पेशी न घातलेल्या जखमा फक्त १८ टक्के. आणि बघा, सशांमधल्या त्या जखमा वाटीवरच केलेल्या होत्या. सशाच्या वाटीत जमलं ते माणसाच्या वाटीत का जमलं नाही, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

माणसावर पहिलं ऑपरेशन १९८७ मध्ये झालं. १९९४ च्या पेपरमधले पेशंट १४ ते ४८ वर्षांचे, म्हणजे तरुण किंवा फार तर मध्यमवयीन. जखमा १.६ ते ६.५ चौरस सेंटिमीटरच्या, पूर्ण जाडीच्या, पण एकाच जागी, कडा ठरलेल्या, भोवती चांगली कूर्चा शिल्लक. हे वाक्य परत वाचा प्लीज, कारण पुढे सगळा घोळ इथेच होतो. सत्तर वर्षांच्या आजींच्या गुडघ्यात जे असतं ते हे नाही.

पद्धत अशी. पहिल्यांदा दुर्बिणीतून बघायचं आणि त्याच गुडघ्यातल्या कमी भार येणाऱ्या निरोगी भागातून कूर्चेचा छोटा तुकडा काढायचा. लॅबमध्ये एन्झाइमने त्याचं जाळं विरघळवून पेशी सुट्या करायच्या आणि पेशंटच्याच रक्तातलं सीरम घालून त्या १४ ते २१ दिवस वाढवायच्या. मग गुडघा उघडून जखमेच्या कडा निरोगी कूर्चेपर्यंत साफ करायच्या, हाडाला धक्का लावायचा नाही, रक्त येऊ द्यायचं नाही, नडगीच्या हाडाच्या वरच्या भागावरून पेरिऑस्टियमचा (हाडावरचं पातळ आवरण) तुकडा काढून तो जखमेवर बारीक टाक्यांनी शिवायचा आणि त्याच्या खाली पेशींचं द्रावण सोडायचं.

लॅबच्या टप्प्यात एक अडचण लपलेली आहे. कूर्चेची पेशी डिशमध्ये सपाट पसरून वाढायला लागली की ती आपलं काम विसरायला लागते, टाइप २ ऐवजी टाइप १ कोलॅजेन बनवायला लागते, म्हणजे तिचा स्वभाव व्रणाच्या पेशीकडे झुकतो. १९८२ मध्ये बेन्या आणि शाफर यांनी दाखवलं की अशा पेशी परत अगरोजच्या जेलमध्ये, गोल राहतील अशा ठेवल्या तर त्या पुन्हा टाइप २ बनवतात. म्हणजे विसर कायमचा नाही. पण जास्त पेशी हव्यात तर जास्त वाढवा आणि जास्त वाढवल्या तर विसर जास्त, ही ओढाताण आजही प्रत्येक लॅबला सांभाळावी लागते.

निकाल काय आला ते आता बघू. सुरुवातीला सगळ्याच पेशंटचं गुडघा अडकणं थांबलं, दुखणं आणि सूज कमी झाली. ३ महिन्यांनी दुर्बिणीतून बघितलं तर भरलेला भाग आजूबाजूच्या पातळीला आला होता पण काडीने दाबलं तर मऊ, स्पंजासारखा, आणि कडा दिसत होत्या. नंतरच्या तपासणीत तोच भाग बऱ्याच जणांत घट्ट झालेला आणि शेजारच्या कूर्चेसारखा दिसणारा. २ वर्षांनी मांडीच्या हाडाच्या टोकावरच्या १६ पैकी १४ जणांचा निकाल चांगला ते उत्तम, बाकी दोघांचा भरलेला भाग मधोमध झिजला आणि परत ऑपरेशन लागलं. वाटीवरच्या ७ जणांत मात्र सरासरी ३६ महिन्यांनी फक्त २ जण चांगले ते उत्तम, ३ ठीकठाक, २ खराब, आणि दोघांना दुसरं ऑपरेशन. बायोप्सी केल्या त्यात मांडीच्या हाडाच्या १५ नमुन्यांपैकी ११ मध्ये मूळ कूर्चेसारखी रचना दिसली. वाटीच्या ७ पैकी फक्त १ मध्ये.

सर्जन तेच, लॅब तीच, पेशी वाढवायची रीत तीच, पेरिऑस्टियम तेच. ११ विरुद्ध १. संख्या लहान आहे, ७ जणांवरून मोठे दावे करू नयेत हे मान्य, पण फरक इतका उघड आहे की पेशी चांगल्या होत्या की वाईट एवढ्याच प्रश्नात तो बसत नाही. पेशी कुठे ठेवल्या आणि तिथे त्यांच्यावर काय ओढवलं, यात उत्तर आहे.

वाटी ही गुडघ्यातली सगळ्यात सोसणारी जागा. सपाट रस्त्यावर चालताना वाटीच्या सांध्यावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, जिन्यावर तो साधारण ३ पट होतो आणि खोल बैठकीत ७-८ पटींपर्यंत जातो. आपल्याकडे तर जमिनीवर बसणं-उठणं, उकिडवं बसणं रोजचंच. त्यात वाटी नुसती दाबली जात नाही, गुडघा वाकताना खाचेतून घसरत जाते, आणि ती खाचेत नीट मधोमध न चालता बाहेरच्या बाजूला ओढली जात असेल तर कूर्चेच्या एकाच भागावर घासणं आणि कातरणारा ताण येतो. बऱ्याच लोकांची वाटीची जखम मुळात याच कारणाने झालेली असते. मग कारण तसंच ठेवून त्या जागी नवीन, ३ महिने स्पंजासारखा मऊ राहणारा टिश्यू भरला तर त्याचं काय होणार? ज्याने जुनी पक्की कूर्चा झिजवली तेच नव्या कच्च्या टिश्यूवर घासतंय.

पीटरसन यांच्या टीमनेही हेच ओळखलं. पुढच्या पेशंटमध्ये वाटीची चाल बिघडलेली असेल तर ती आधी किंवा सोबतच दुरुस्त करायला लागले. २००० मध्ये त्यांनी २ ते ९ वर्षांचे निकाल छापले त्यात मांडीच्या हाडाच्या सुट्या जखमांत ९२ टक्के चांगले ते उत्तम होते आणि वाटीत ६५ टक्के. अजूनही मागेच, पण ७ पैकी २ वरून इथवर येणं लहान गोष्ट नाही, आणि यातला बराचसा फरक पेशींनी नाही, हाडांची चाल सुधारण्याने पाडला असं मला वाटतं. मधल्या काळात अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) १९९७ मध्ये जेन्झाइम कंपनीच्या कार्टिसेलला, म्हणजे याच पद्धतीच्या व्यापारी रूपाला मंजुरी दिली ती मांडीच्या हाडाच्या जखमांपुरती. वाटी त्यात नव्हती.

ही झाली यांत्रिक बाजू. दुसरी बाजू त्याहून खोल आहे आणि ती १६ पैकी यशस्वी ठरलेल्या १४ गुडघ्यांनाही लागू होते.

१९५० आणि ६० च्या दशकात जमिनीवर, हवेत जे अणुचाचण्यांचे स्फोट झाले त्यांनी वातावरणात कार्बन-१४ चं (कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराचं) प्रमाण अचानक वाढलं आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते हळूहळू उतरत गेलं. शरीरात जो टिश्यू ज्या वर्षी बनतो त्यात त्या वर्षाचा कार्बन अडकतो, म्हणजे टिश्यूवर जणू तारीखच पडते. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे वापरून गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजेन तपासलं, निरोगी आणि आर्थ्रायटिस झालेलं दोन्ही. निष्कर्ष असा की हे कोलॅजेन लहानपणी आणि वाढीच्या वयात बनतं आणि मोठेपणी त्याची अदलाबदल जवळपास होतच नाही, आर्थ्रायटिस झाल्यावरसुद्धा नाही. मला हा शोध वाचून अक्षरशः थांबायला झालं होतं. आपण पन्नाशीत ज्या जाळ्यावर चालतो ते शाळेत असताना विणलेलं आहे. अ‍ॅग्रिकॅन बदलत राहतं, पेशी जिवंत असतात, पण त्या कमानी पुन्हा बांधण्याचा कार्यक्रम मोठ्या माणसाच्या शरीरात चालूच नसतो.

म्हणून जखमेत लाखो पेशी भरल्या तरी त्यांना कमानी कशा बांधायच्या हे सांगणारं तिथे कोणी नाही. वाढत्या मुलात हाड, कूर्चा आणि भार हे सगळं एकत्र बदलत असतं, आणि त्यातून आडवे-तिरके-उभे थर तयार होतात. मोठ्या माणसाच्या गुडघ्यात पेशी आयत्या खड्ड्यात येऊन पडतात. बायोप्सीत मूळ कूर्चेसारखी रचना दिसणं ही मोठी गोष्ट आहेच, पण तशी दिसणं आणि थरांसकट तशी असणं यात अंतर आहे, आणि शेजारच्या जुन्या कूर्चेशी नवा भाग कडेने पूर्ण एकजीव होणं ही वेगळीच लढाई.

तुलनेचा गट नव्हता हे सुरुवातीला म्हटलं. ती कमतरता नॉर्वेत भरून निघाली. कुनुटसेन आणि सहकाऱ्यांनी ८० पेशंट घेतले, ४० ना पेशी, ४० ना साधं मायक्रोफ्रॅक्चर. २ वर्षांनी दोन्ही गट सुधारले आणि टिश्यूच्या दर्जात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ५ वर्षांनी दोन्हीकडे ९-९ अपयशी. साधारण १५ वर्षांनी पेशीवाल्या गटात १७ आणि मायक्रोफ्रॅक्चरमध्ये १३ अपयशी, आणि जे टिकले त्यांच्यातल्याही निम्म्या लोकांच्या एक्स-रेत आर्थ्रायटिस दिसत होता. पीटरसन यांच्या बाजूनेही आकडे आहेत, १० ते २० वर्षांनी उत्तर दिलेल्या २२४ पेशंटपैकी ७४ टक्के म्हणाले आम्ही आधीच्या वर्षांइतकेच बरे किंवा अजून बरे आहोत, आणि ९२ टक्के म्हणाले परत वेळ आली तर हेच करू. दोन्ही खरं आहे. पेशंटला बरं वाटणं आणि कूर्चा परत उगवणं या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, आणि या क्षेत्रात त्या सारख्या एकमेकींपासून सुटतात.

याचे दोन नमुने तर समोरासमोर ठेवण्यासारखे. पुढे पेरिऑस्टियम जाऊन डुकराच्या कोलॅजेनच्या पडद्यावर पेशी पेरायची पद्धत आली, मॅसी, एफडीएची मंजुरी डिसेंबर २०१६. तिच्या युरोपातल्या चाचणीत १४४ पेशंट होते, जखमा ३ चौरस सेंटिमीटर किंवा मोठ्या, आणि २ वर्षांनी दुखणं आणि हालचाल मायक्रोफ्रॅक्चरपेक्षा स्पष्ट चांगली, पण बायोप्सी आणि एमआरआयमध्ये टिश्यू जवळपास सारखाच. उलट स्प्रिफर्मिन नावाचं इंजेक्शन, आर्थ्रायटिसच्या ५४९ पेशंटवर तपासलेलं, २०१९ मध्ये निकाल आला, सगळ्यात जास्त डोसमध्ये कूर्चेची जाडी प्लासीबोपेक्षा (औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षा) ०.०५ मिलिमीटरने जास्त, आणि दुखण्यात म्हणावा असा फरक नाही. एकीकडे टिश्यू तोच आणि दुखणं कमी, दुसरीकडे टिश्यू जास्त आणि दुखणं तेच. कूर्चेत नसाच नाहीत हे आठवलं तर यात आश्चर्य उरत नाही, दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचं सगळं.

आणि आता तो प्रश्न जो मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आईला, काकूंना, मावशींना चालेल का हे? "वाटी झिजली" सांगितलंय, "गॅप संपली" सांगितलंय, वय पासष्ट, दोन्ही गुडघे. मी मनापासून सांगते, गोथेनबर्गचं हे प्रकरण त्यांच्यासाठी नाही. कार्टिसेलच्या मंजुरीतच सरळ लिहिलेलं होतं की सर्वसाधारण ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी हे नाही. त्या आजारात एक खड्डा नसतो, पूर्ण सांधाच आजारी असतो, अस्तराला सूज, हाडाच्या कडांना वाढ, मेनिस्कस (दोन हाडांमधली चकती) फाटलेला, पाय आतल्या बाजूला वाकलेला, आणि कूर्चा तोडणारी एन्झाइम्स, अ‍ॅडमटीएस-५, एमएमपी-१३ वगैरे, सतत कामावर. तिथे नवीन पेशी टाकल्या तर त्यांनाही त्याच वातावरणात राहायचं आहे, भोवती धरून ठेवायला निरोगी कड नाही, आणि समोरचं हाडही उघडं पडलेलं. वाटीच्या ७ जणांमध्ये जे एका कारणाने झालं ते इथे पाच-सहा कारणांनी होईल. अशा गुडघ्याला आज मदत होते ती मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाने, वजन थोडं कमी केल्याने, गरजेपुरत्या औषधांनी, काही जणांत पाय सरळ करणाऱ्या ऑपरेशनने, आणि शेवटच्या टप्प्यात सांधा बदलण्याने. २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा आणली, नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियमच्या इम्प्लांटला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी, त्याने बऱ्याच घरांना हे परवडायला लागलं. लाखभर रुपये इंजेक्शनांत घालवून मग सांधा बदलायला पैसेच उरले नाहीत असं होऊ नये, इतकीच माझी कळकळ.

तरुण पेशंटची गोष्ट वेगळी. समजा पंचविशीचा कबड्डी खेळणारा मुलगा, एकाच जागी खोल जखम, गुडघा अडकतो, सुजतो. त्याला विचारायचे प्रश्न गोथेनबर्गच्या त्या ७ वाट्यांनी ठरवून दिलेत. उभ्याने पूर्ण पायाचा एक्स-रे झाला का, पाय वाकडा आहे का, लिगामेंट शाबूत आहे का, मेनिस्कस किती उरलाय, वाटी खाचेत मधून चालते का. यातलं काही बिघडलेलं असेल आणि डॉक्टर फक्त पेशींबद्दल, ब्रँडबद्दल बोलत असतील तर दुसरं मत घ्या. जखम लहान असेल तर पेशी वाढवायची गरजही नसते, सोपे उपाय आहेत.

नवीन वाटाही उघडतायत. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या इव्हान मार्टिन यांच्या टीमने नाकाच्या पडद्यातल्या कूर्चेच्या पेशी घेऊन लॅबमध्ये पेशींऐवजी तयार टिश्यूच वाढवला आणि तो गुडघ्यात बसवला, १० जणांवरचे पहिले निकाल २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. कच्च्या पेशींऐवजी थोडा पक्का झालेला टिश्यू नेणं ही मला योग्य दिशा वाटते, कारण मऊपणाचा तो सुरुवातीचा काळ तेवढा कमी होतो.

आजच्या पद्धतीत तो काळ आम्हाला व्यायामशाळेतच सांभाळावा लागतो. पूर्ण आराम चालत नाही, टोरंटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९८० मध्येच सशांवर दाखवलं होतं की ऑपरेशननंतर सांधा मशीनवर सतत हळूहळू हलवत ठेवला तर कूर्चा जास्त चांगली भरते, आणि पेशींनाही हळूवार, ये-जा करणारा दाब हवाच असतो. पण पूर्ण भार लगेच नाही. मांडीच्या हाडाच्या टोकावर भरलं असेल तर कुबड्या घेऊन ६ ते १२ आठवड्यांत हळूहळू वजन टाकायचं. वाटीवर असेल तर उलटं गणित, गुडघा ब्रेसमध्ये सरळ ठेवून उभं राहायला लवकर परवानगी मिळते, पण भार घेऊन वाकवणं महिनोन्‌महिने टाळायचं. पळणं साधारण ९ ते १२ महिन्यांनी, कबड्डी-फुटबॉलसारखे गुडघा पिळणारे खेळ १२ ते १८ महिन्यांनी, आणि वाटीवाल्या पेशंटची खोल बैठक या सगळ्याच्याही नंतर, तीही सर्जनने वाटीची चाल परत एकदा तपासल्यावरच.